रिव्हेटच्या पलीकडे बार कोण धरणार? घरी किट विमान बांधणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही पाच जणांनी मिळून शेडमध्ये बांधलेल्या दोन सीटच्या विमानाबद्दल लिहिलं होतं, सहा वर्षं लागली, आता ते उडतंय, एवढंच थोडक्यात. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, ज्या प्रश्नांमध्ये बऱ्याच जणांचा प्रश्न येतो असे निवडलेत.

ताई, आम्ही चौघं मित्र, दोघांकडे पायलट लायसन्स आहे, एकाकडे मोठं गॅरेज आहे आणि मी वेल्डिंग, पत्राकाम वगैरे करतो. अ‍ॅल्युमिनियमचं दोन सीटचं किट (घरी जोडायचे विमानाचे सुटे भाग) घ्यायचं जवळपास ठरलंय. सगळं किट एकदम मागवावं का? आणि चौघांची भागीदारी कशी ठेवायची?

एकदम मागवू नका. बहुतेक किट कंपन्या टप्प्याटप्प्याने किट देतात, आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग शेवटचं फिनिशिंग, आणि इंजिन, प्रोपेलर, कॉकपिटमधली उपकरणं हे सगळं वेगळं. तुम्ही शेपटीपासून सुरू करा. शेपटीत पुढे लागणारं जवळपास सगळं काम छोट्या आकारात येतं, भोकं पाडणं, कडांची बर (धारदार कंगोरे) काढणं, डिंपल करणं (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती खळगा पाडणं), रिव्हेट मारणं (पत्रे जोडणारी धातूची खिळी ठोकून चेपणं), आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच परत मागवता येतो, पंखाचा स्पार, म्हणजे मुख्य कणा, बिघडला तर काय होईल याचा विचार करा. आणि दुसरं म्हणजे शेपूट पूर्ण होईपर्यंत चौघांनाही कळतं की आपल्याला विमान *बांधायला* आवडतंय की फक्त विमान *असायला* आवडणार आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी वाटत असेल तर त्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही, तयार विमान विकत घ्यावं.

वेळेचं म्हणाल तर पारंपरिक पद्धतीने रिव्हेट मारायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या किटला साधारण १५०० ते २००० तास धरा. चौघं आहात म्हणजे चौथ्या हिश्श्यात होईल असं मात्र नाही हं. एका पंखाभोवती दोन माणसं नीट काम करतात, तिसरा आला की तो बहुतेक वेळा ड्रॉइंग हातात घेऊन उभा राहतो. खरं तर तोही उपयोगाचा आहे, कारण काम करणाऱ्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं.

पैसे भरायच्या आधी आपल्या देशातल्या विमान वाहतूक खात्याकडून नियम लेखी घ्या. अमेरिकेत 'एक्कावन्न टक्के' म्हणून जो नियम ओळखला जातो त्याचा अर्थ असा की विमानाच्या बांधणीचा मोठा भाग हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौस म्हणून केलेला असला पाहिजे. म्हणजे किट अर्धवट तयार येऊ शकतं, पण बाकीचं पैसे देऊन कोणाकडून करून घेतलं तर गणित बिघडतं. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्यावर येऊन काम बघतात. देश कुठलाही असो, पहिल्या दिवसापासून वही ठेवा आणि फोटो काढा, तारखेसकट, आणि फोटोत काम करणारा माणूसही दिसू द्या, नुसता पत्रा नको. नंतर कोणी विचारलं की हे तुम्हीच केलं कशावरून, तर हाच पुरावा.

भागीदारीबद्दल मी थोडी कडक आहे. मैत्री कितीही जुनी असो, लिहून काढा. कोणी मधेच सोडलं तर त्याचा हिस्सा कोण आणि कुठल्या हिशोबाने घेणार, कोणाचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना काय मिळणार, गॅरेजवाल्याला जागेचं काही द्यायचं का, पहिलं उड्डाण कोण करणार. आणि हे तर हमखास राहून जातं, की कागदावर बांधणारा म्हणून कोणाचं नाव लागणार. अमेरिकेत वर्षाची तपासणी स्वतः करायची परवानगी देणारं रिपेअरमन सर्टिफिकेट एका विमानामागे एकाच माणसाला मिळतं, चौघांनी मिळून बांधलं तरी एकालाच. माझ्या माहितीतल्या एका गटात हे शेवटच्या महिन्यात कळलं आणि तोवर दोघं जण मनात आपणच तो माणूस असं धरून बसले होते. विमान पूर्ण झालं, पण ते दोघं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. तुम्ही आत्ताच ठरवून टाका.

हो, आणि गॅरेजचं दार मोजा. पंख वेगळे राहतात, ते धावपट्टीवर नेऊन जोडता येतात, पण धड इंजिनाच्या चौकटीसकट आणि चाकांसकट बाहेर निघायला हवं.

मी आणि माझी बायको मिळून रिव्हेट मारतो, ती बकिंग बार (रिव्हेटच्या मागे टेकवायचा जड धातूचा ठोकळा) धरते, मी गन (हवेवर चालणारा ठोकायचा हातोडा). दहातले तीन रिव्हेट वाकडे होतात आणि मग आमचं भांडण होतं की चूक कोणाची. वाकडे सगळे ड्रिल करून काढायचे का?

हा प्रश्न वाचून मला इतकं बरं वाटलं, कारण आमच्या शेडमध्ये पहिले तीन महिने दुसरं काही चालूच नव्हतं. सविस्तर सांगते.

आधी मोजायला शिका. गनच्या उलट्या बाजूला जे डोकं तयार होतं ते रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या जाडीएवढं उंच असावं. म्हणजे ३/३२ इंची रिव्हेटला अंदाजे ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच, १/८ इंचीला ४.८ आणि १.६. त्यासाठी भोकं पाडलेली छोटी पत्र्याची गेज मिळते, ती खिशात ठेवा. दिसायला वाकडा वाटणारा रिव्हेट कित्येकदा मापात बसतो, आणि दिसायला सुंदर वाटणारा जास्त चेपलेला असतो. डोळ्यावर जाऊ नका.

मग वाकडा का होतो ते बघा. बार पत्र्याला अगदी समांतर टेकलेला नाही, हे सगळ्यात जास्त वेळा. रिव्हेट लांब आहे, हे दुसरं. पत्र्यांच्या एकूण जाडीच्या वर रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट इतकाच तो बाहेर यायला हवा, त्याहून जास्त असेल तर तो चेपण्याऐवजी आडवा पडणारच. आणि तिसरं, जे नवख्यांच्या लक्षातच येत नाही, गनचा प्रेशर कमी ठेवलेला असतो. भीतीपोटी आपण हवा कमी ठेवतो, मग एकेका रिव्हेटला खूप ठोके द्यावे लागतात, आणि अ‍ॅल्युमिनियम ठोक्यांनी कडक होत जातं, शेवटी ते चेपतच नाही, नुसतं सरकतं. थोडा प्रेशर वाढवा, दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. बार हलका असेल तर जड घ्या, टंगस्टनचा छोटा बार अडचणीच्या जागेत फार कामाला येतो, मनगटही कमी दुखतं.

आता काढायचा की नाही. काढताना फक्त फॅक्टरीतून तयार आलेल्या डोक्यात बरोबर मध्यावर ड्रिल करायचं, डोक्याच्या जाडीइतकंच, मग पंचने डोकं तोडायचं आणि रिव्हेटचं उरलेलं टोक मागून कटरने धरून ओढायचं. पूर्ण आरपार ड्रिल केलंत तर भोक मोठं आणि अंडाकृती होतं, मग वरच्या मापाचा रिव्हेट लागतो, आणि त्याला कडेपासून पुरेसं अंतर उरत नाही, ते भोकाच्या मध्यापासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. म्हणून मापात असेल पण जरा तिरका असेल तर राहू द्या. ज्या विमानांमध्ये मी सगळ्यात खराब भोकं बघितलीत ती परिपूर्णतेच्या मागे लागलेल्या लोकांचीच होती, एकेक रिव्हेट तीन तीनदा काढलेला. मात्र डोकं एका बाजूला पूर्ण घसरलंय, तडा दिसतोय किंवा दोन पत्र्यांमध्ये फट राहिलीय, तर तिथे दयामाया नको, काढाच.

आणि भांडणाचं. गन धरणाऱ्याला काही दिसत नसतं, बार धरणाऱ्याला सगळं दिसतं पण त्याच्या हातात थांबवायचं बटण नसतं. म्हणून हुकूम तिने द्यायचा. आमच्यात तीनच शब्द होते, 'टेकला', 'मार', 'बस'. 'टेकला' ऐकू आल्याशिवाय गनला बोट लावायचं नाही. दोघांनीही कानाला मफ लावा, ते लावून शब्द ऐकू येत नसतील तर पत्र्यावर टकटक करायची खूण ठरवा, जुन्या विमान कारखान्यांत अशाच ठोक्यांच्या खुणा चालायच्या. मग एक दिवस जागा बदला, तू गन धर, मी बार धरतो. आमच्याकडे त्या एका संध्याकाळनंतर चूक कोणाची हा विषयच संपला.

आणखी एक करा. आधी विमान बांधलेल्या कोणालातरी एका सुट्टीच्या दिवशी बोलवा आणि त्याच्यासमोर पन्नास रिव्हेट मारा. पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली ती अशाच विमान बांधणाऱ्या मंडळींनी एकत्र यावं म्हणून, आणि आजही त्यांचे टेक्निकल काउन्सेलर म्हणजे अनुभवी स्वयंसेवक घरी येऊन काम बघतात. पन्नास रिव्हेटमध्ये तो जे सांगेल ते एकट्याने शिकायला तुम्हाला सहा महिने लागतील.

फायबरग्लासचं किट आहे. एपॉक्सी (फायबरग्लासचे थर चिकटवणारं रेझिन) लावताना हाताला खाज येते, पुरळ येतं. हातमोजे बदलले की होईल ना?

काम आजच थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा बसली की ती बहुधा आयुष्यभर राहते आणि दर वेळी कमी रेझिनला जास्त त्रास होत जातो. नायट्राइलचे मोजे, लांब बाह्या, हवा खेळती, आणि हाताला लागलेलं रेझिन अ‍ॅसिटोनने कधीही पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी आत जातं, साबण-पाणीच वापरा. घासकामाच्या वेळी धुळीसाठी चांगला मास्क. डॉक्टर नको म्हणाले तर गटातल्या दुसऱ्याला लेअप (रेझिनचे थर बसवायचं काम) करू द्या आणि तुम्ही वायरिंग, कंट्रोल, ब्रेक हे घ्या. काम भरपूर असतं.

किटच्या ड्रॉइंगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा व्हॉल्व्ह पायांच्या मधे दाखवलाय. मला तो तिथे अडचणीचा वाटतो, शिवाय पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये नकोच वाटतो. मागच्या बाजूला बसवला तर चालेल ना? मी मेकॅनिकल इंजिनियर आहे.

नाही. आणि तुमचा प्रश्न ज्या शब्दांत आलाय त्याने माझ्या पोटात गोळा आला, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

१२ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या लाँग-ईझी या घरी बांधलेल्या छोट्या विमानासह समुद्रात कोसळून गेले. विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलेलं होतं. त्याचे डिझायनर बर्ट रुटान यांच्या मूळ डिझाइनमध्ये टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या समोर, पायांच्या मधेच होता. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला, कारण हेच, पेट्रोलचे पाइप कॉकपिटमध्ये नकोत. व्हॉल्व्ह फिरवायला जड होता, त्यावर पकड लावून फिरवावा लागायचा. तो फिरवायला मागे वळलं की पाय टेकवून जोर लावावा लागतो आणि उजवा रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) दाबला जाण्याची शक्यता असते, अपघाताच्या तपासातही हेच पुढे आलं. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच होता बघा, आग लागू नये हाच. आणि त्या निर्णयाची किंमत भलत्याच माणसाने मोजली, ज्याला तो निर्णय कधी घेतला आणि का घेतला हेही माहीत नव्हतं.

ड्रॉइंगमधली प्रत्येक गोष्ट पवित्र आहे असं मी म्हणत नाही. चुका मूळ डिझाइनमध्येही असतात. १९३० च्या दशकात आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाचं 'फ्लाइंग फ्ली' नावाचं छोटं विमान युरोपात असंख्य हौशी लोकांनी घरी बांधलं, मग एकापाठोपाठ जीवघेणे अपघात झाले, आणि विंड टनेलमध्ये पूर्ण आकाराचं विमान ठेवून बघितल्यावर कळलं की पुढच्या आणि मागच्या पंखांमधून वाहणाऱ्या हवेमुळे नाक खाली गेलं की ते परत वर येईचना. पण हे कळलं कसं? अनेकांनी *एकसारखं* विमान बांधलं होतं म्हणून. तुम्ही व्हॉल्व्ह हलवलात की तुमचं विमान जगातलं एकमेव होतं, त्याचा दुसऱ्या कोणाचाही अनुभव तुम्हाला लागू पडत नाही.

अडचण खरीच असेल तर किट कंपनीच्या इंजिनियरला लिहून विचारा, उत्तर वहीत चिकटवा, आणि बदलाआधी ते विमान उडवणाऱ्या निदान दोघांना तुमच्या कॉकपिटमध्ये पट्टा बांधून बसवा आणि डोळे मिटून व्हॉल्व्ह शोधायला सांगा. पॅनेलचा रंग, सीटची गादी, रेडिओ कुठे, यात हवी तेवढी हौस करा. पेट्रोल, कंट्रोल आणि वजनाचा मध्यबिंदू यांना हात लावू नका.

माझा नवरा आणि त्याचे मित्र पाच वर्षं विमान बांधताहेत, आता पूर्ण होत आलंय. त्याला वाटतं पहिल्या उड्डाणाला मी शेजारी बसावं, मी एवढी वर्षं साथ दिली म्हणून. मला भीती वाटते पण सांगायला धीर होत नाही.

ताई, हा लेख त्यांच्यासमोर ठेवा. तुम्ही बसायचं नाही, आणि यात प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नाही.

पहिले तास फक्त तपासणीचे असतात. अमेरिकेत रूढ पद्धत अशी की सुरुवातीचे ४० तास, आणि इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं आणि प्रवासी न्यायचा नाही. गरज असेल तर दुसरा पात्र पायलट बसू शकतो, पण तो कामासाठी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास केला त्यात दोन गोष्टी सगळ्यात ठळक निघाल्या, इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. म्हणून त्यांना दोन प्रश्न विचारा, हक्काने विचारा.

एक, पेट्रोलच्या प्रवाहाची चाचणी केलीत का? नाक वर करून, म्हणजे चढताना असतं तसं, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून, इंजिनाकडचा पाइप सोडून मोजायचं. इंजिन पूर्ण ताकदीला तासाला ४० लिटर पीत असेल तर पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेत निदान ५० लिटर आणि नुसत्या उतारावर चालणाऱ्यात ६० लिटर यायला हवेत. आकडा वहीत लिहिलेला दिसला पाहिजे.

दोन, पहिलं उड्डाण करणाऱ्याने याच प्रकारच्या विमानात गेल्या काही आठवड्यांत प्रशिक्षकाबरोबर तास केलेत का? पाच वर्षं बांधणारा माणूस बहुतेक वेळा पाच वर्षं कमी उडलेला असतो, वेळ आणि पैसा सगळा शेडमध्ये गेलेला. आमच्यात दोघांकडे लायसन्स होतं तरी आम्ही पहिलं उड्डाण बाहेरच्या एका अनुभवी पायलटकडून करून घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण तो उतरल्यावर म्हणाला डावा पंख जड वाटतोय, आणि ते त्याला दहा मिनिटांत कळलं.

आणि त्या दिवशी नातेवाईक, कॅमेरे, हार वगैरे नको. गर्दी असली की वारा वाढला तरी 'आज नको' म्हणणं अवघड जातं. तुम्ही मात्र जा, जमिनीवर उभ्या राहा, रेडिओ ऐका. तुमची सीट तपासणी संपल्यावर.

पंख पूर्ण झाले आणि काम बंद पडलं. दोन वर्षं शेडचं दार उघडलेलं नाही. ज्या मित्रांबरोबर सुरू केलं त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. विकून टाकू का?

विकण्यात काही वाईट नाही, अर्धवट किट हातोहात फिरतात आणि दुसऱ्याच माणसाकडून पूर्ण होतात, तुमची वही आणि फोटो नीट असतील तर घेणाराही निर्धास्त घेतो. पण तुम्ही विकू का असं विचारलंत, कोणाला विकू असं नाही विचारलंत, म्हणून मला वाटतं अजून तुमचं मन त्यात आहे.

धडाचं मोठं खोकं बघून सुरू करू नका. आधी जे आहे ते तपासा. पत्र्यांवर संरक्षणासाठी लावलेलं निळं प्लास्टिक अजून असेल तर लगेच सोलून काढा, वर्षानुवर्षं राहिलं की ते चिकटून बसतं आणि खाली ओल धरून पत्र्याला गंज लागू शकतो. सोलताना जड जात असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करा, धारदार काहीही वापरू नका, ओरखडा पडला तर तिथून तडा सुरू होतो. टाकीच्या सीलंटचे डबे तारीख उलटलेले असतील, टाकून द्या, कितीही महाग असले तरी. रबरी नळ्या आणि ओ-रिंग नव्या घ्या. पंखात उंदीर शिरलेत का बघा, त्यांच्या मुताने अ‍ॅल्युमिनियम खरोखर सडतं, आमच्या एका रिबला, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीला, झालं होतं.

आणि हे तपासायला एकट्याने जाऊ नका. त्या मित्रांपैकी ज्याच्याशी बोलणं सगळ्यात सोपं जाईल त्याला एकच वाक्य पाठवा, 'प्लास्टिक सोलायचंय, रविवारी दोन तास येतोस का?' मोठा पत्रा एकाने धरला की दुसऱ्याला ते फार सोपं जातं.